मनिलाचा चाकू, कल्याणचा चाकू

माझ्या कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या पँटच्या कापडात गुंडाळलेला एक चाकू आहे. अस्सल आहे. घरात कुणालाही मी तो हातात घेऊ देत नाही, आणि का देत नाही ते बायकोलाही कधी धड सांगितलेलं नाही. तिला वाटतं, मी तरुणपणी काहीतरी मारामारी-बिरामारी केली असेल. तसं असतं तर बरं झालं असतं. त्या चाकूने कुणाला खरचटलंसुद्धा नाही. तो एका माणसाच्या कंबरेला असायला हवा होता आणि माझ्या खिशात राहिला, एवढंच झालं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहायचो आणि मी जवळच्याच औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कंपनीत टूलरूमला फिटर होतो. टूलरूममध्ये साचे आणि डाय बनतात, आणि तिथे काम करणारा प्रत्येक जण स्वतःला बाकीच्या कामगारांपेक्षा चार बोटं उंच समजतो. मीही समजायचो. दोन भाग एकमेकांत बसवले आणि बोटाने हलवल्यावर किंचितही खेळ लागला, तर आमचे मिस्त्री ते काम परत तोंडावर मारायचे. त्यामुळे सैल म्हणजे वाईट आणि घट्ट म्हणजे चांगलं, हे माझ्या हाडात भिनलं होतं. या वाक्याकडे जरा लक्ष असू द्या.

माझ्या शेजारच्या लेथवर एक कोळी टर्नर होता. कळव्याच्या बाजूला खाडीकाठी त्याचं गाव. वयाने माझ्याएवढाच, अंगाने माझ्या दुप्पट. कंपनीतली पाळी सुटली की भरती-ओहोटी बघून तो वडिलांबरोबर होडीवर जायचा. आमच्या घरी मासे शिजत नसत, त्यामुळे त्याच्या डब्यातल्या सुक्या जवळ्यावर माझा डोळा असायचा आणि माझ्या आईच्या पुरणपोळीवर त्याचा. सहा वर्षं आम्ही एकत्र जेवलो. त्याला एकच खोड होती. धारेची वस्तू तो हातात द्यायचा नाही. लेथचं टूल असो नाहीतर कात्री, टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचा, "घे उचलून. आपलं भांडण नको." धारेची वस्तू हातात दिली की देणाऱ्या-घेणाऱ्यात वैर येतं, ही समजूत आमच्याही घरात होती, पण कंपनीत आम्ही ती कधीच सोडून दिली होती. त्याने सोडली नव्हती.

त्याचा मोठा भाऊ खाडीत बुडून गेला, तेव्हा मी त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. खाडीत रोवलेल्या खुंटांना डोल नावाचं पिशवीसारखं मोठं जाळं बांधतात. ओहोटीचं पाणी त्यातून धावतं आणि मासळी आत अडकते. पूर्वी काथ्याचे दोर असायचे, ते सडायचे, तुटायचे. मग नायलॉन आलं. नायलॉन तुटत नाही, ही त्याची कीर्ती. भावाच्या घोट्याला त्याच नायलॉनचा वेढा पडला आणि जाळ्याच्या ओझ्याने त्याला होडीतून खेचून नेलं. कोयता होडीतच होता, पण दुसऱ्या टोकाला. म्हातारा बाप कोयता घेऊन पोचेपर्यंत दोर ताठ झाला होता आणि त्याच्या टोकाला पाण्याखाली मुलगा होता. म्हाताऱ्याने दोर कापला. फार उशिरा कापला.

तेव्हापासून त्या घरात एकच विषय होता, की धाकट्याच्या अंगावर कापायला काहीतरी असलंच पाहिजे. म्यानातला सुरा कंबरेला लावून बघितला, तर होडीत चढताना तोच मांडीत घुसला आणि टाके पडले. घडीचा साधा चाकू उघडायला दोन हात लागतात, आणि एका हाताला दोर पडला की उरतो एकच. त्याची आई मला सांगायची, "बाला, तू लोखंडातला मानूस. कायतरी बनव ना रं त्याला." मी हो हो म्हणायचो.

आणि मग आमच्या वरच्या मजल्यावरचे काका सुट्टीवर आले. ते बोटीवर असायचे, वर्षातून एखाददुसऱ्यांदा घरी येत, आणि आले की बिल्डिंगभर परदेशी साबणाचा वास दरवळायचा. एका रविवारी लुंगी-बनियनवर गॅलरीत बसून त्यांनी मला तो चाकू दाखवला. दोन मुठी, त्यांच्या मध्ये पातं लपलेलं. काकांनी नुसतं मनगट झटकलं. एक मूठ मागे गेली, पातं बाहेर आलं, मुठी पाठीला पाठ लावून जुळल्या, आणि चाकू तयार. दुसरा हात त्यांच्या मांडीवर होता, त्यात चहाचा कप होता.

"मनिलाला घेतला," काका म्हणाले. "बटरफ्लाय म्हणतात. तिकडे मासेवालेही वापरतात."

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत मी मित्राला हे सांगितलं. खाता खाता तो थांबला.

"एका हाताने?"

"एका हाताने."

"ओला असला तरी?"

"मासेवाले वापरतात म्हणे."

त्याने मला तीनतीनदा विचारलं, आणि त्याच आठवड्यात चाकूचे पैसे माझ्याकडे आणून दिले. काकांचा स्वतःचा चाकू ते देणार नव्हते, पण पुढच्या खेपेला एक आणतो म्हणाले. मित्राच्या भावाची गोष्ट मी त्यांना सांगितली होती. निघताना त्यांनी स्वतःहून आठवण काढली, "त्या कोळ्याच्या पोराचा चाकू. लक्षात आहे."

सात-आठ महिन्यांनी काका आले आणि त्यांनी तो आणला. एकच आणला. पितळी मुठी, त्यांना गोल भोकं, पात्यावर बारीक नक्षी. मला देताना त्यांनीही तो आमच्या टेबलावर ठेवला. "तुझ्या मित्राचा," म्हणाले.

मला लोभ सुटला. याला दुसरा शब्द नाही, मी शोधून पाहिला आहे. पहिल्या दिवशी मी तो फक्त बघायला ठेवला. दुसऱ्या दिवशी आरशासमोर फिरवायला शिकलो. तिसऱ्या दिवशी खिशात घालून कंपनीत नेला आणि दिवसभर पँटच्या खिशात हाताने चाचपत राहिलो, शेजारच्या लेथवर ज्याचा तो चाकू होता त्याच्याशी गप्पा मारत. काका आले आहेत हे त्याला सांगितलंच नाही. मला त्या चाकूने दोर कापायचा नव्हता. पेन्सिलसुद्धा तासायची नव्हती. मला तो फक्त माझा हवा होता.

माझी आत्या मोहन्याला राहायची, रेयॉनच्या कारखान्याजवळ. तिच्याकडे जाताना कल्याणला उतरावं लागे. स्टेशनबाहेरच्या गल्लीत एक माणूस ताडपत्रीवर लायटर, गॉगल, घड्याळं मांडून बसायचा. त्या काळी आमच्याकडे अशा मालाला सरसकट 'उल्हासनगरचा' म्हणत, मग तो कुठूनही आलेला असो. तिथली माणसं कुठलीही वस्तू एकदा बघून हुबेहूब करतात, असं सगळे बोलायचे, नाक मुरडायचे आणि तीच वस्तू विकत घ्यायचे. त्या माणसाच्या पेटीत, चड्डी-बनियनच्या पुडक्यांखाली, पाच-सहा बटरफ्लाय होते.

मी खिशातला अस्सल काढून शेजारी ठेवला.

"सेम टू सेम, साहब," तो म्हणाला. "आपका भी यहीं का है क्या?"

मी त्यातला एक उचलला. वजन जवळपास तेच. भोकं तेवढीच, नक्षी तीच. फक्त एका मुठीवर, तिसऱ्या भोकाजवळ, एक लहानसा पोचा होता. दुसरा उचलला, त्यावरही त्याच जागी पोचा. तिसऱ्यावरही. म्हणजे ज्या अस्सल चाकूवरून साचा काढला तो कधीतरी कुणाच्या हातून पडला असणार, आणि त्याची जखम सगळ्या नकलांवर उतरली होती. साच्याचं काम करणाऱ्या मला ते लगेच कळलं. तरीही मी त्यातला एक घेतला. माझ्या पैशांनी घेतला. मित्राचे पैसे काकांना पोचले होते. म्हणजे पैशाची लबाडी मी केली नाही, हे मी स्वतःला पुढे कितीतरी वेळा सांगितलं आहे, आणि दर वेळी मला माझीच शिसारी आली आहे.

घरी येऊन कानशीने तो पोचा घासून सपाट केला. आमच्या ग्राइंडरवर पात्याला अशी धार काढली की अस्सलालाही नव्हती. मग मित्राला सांगितलं, काका आले.

त्यांच्या ओटीवर मी तो चाकू काढला आणि कौतुकाच्या भरात त्याच्या हातात द्यायला गेलो. आतून त्याची आई ओरडली, "हातान देव नको! खाली ठेव!" मी जमिनीवर ठेवला, त्याने उचलला. म्हातारीने जवळ येऊन त्याचं उघडणं-मिटणं बघितलं आणि हसली. भाऊ गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. "चिंबोरी हाय ही," म्हणाली, कारण दोन मुठी खेकड्याच्या नांग्यांसारख्या उघडायच्या. मग तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानाशी बोटं मोडली. मासळीचा वास असलेले ते हात अजून माझ्या गालावर आहेत.

म्हातारा मात्र लांबूनच बघत होता. "चांगला हाय ना?" त्याने विचारलं. मला नाही, मुलाला विचारलं. मुलगा म्हणाला, "फॉरेनचा हाय, बाबा."

त्यानंतर डब्याच्या सुट्टीत रोज कडकड कडकड. आधी उजव्या हाताने, मग डाव्या. मी म्हटलं, "डाव्याने कशाला मरतोस?" तर म्हणाला, "कुठला हात अडकेल ते दोर विचारून ठरवणार काय?" महिन्याभरात तो डाव्या हाताने उजव्यापेक्षा चांगला उघडायला लागला. बोटांना कापल्याच्या खुणा झाल्या होत्या. मी माझा चाकू घरी ठेवून यायला लागलो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशिनी बंद. धुवायच्या, पुसायच्या, झेंडूचे हार घालायचे, मायक्रोमीटरलासुद्धा कुंकवाचं बोट लावायचं. मित्राच्या घरी पाटावर कोयते, जाळं विणायच्या सुया, होडीचं वल्हं, आणि या वर्षी मधोमध चिंबोरी. म्हातारीने हळद-कुंकू पाण्यात कालवून सगळ्यांना भरपूर माखलं होतं, आणि ज्याच्यावर तिचा जीव होता त्याला सगळ्यात जास्त. पूजेतली हत्यारं दसऱ्याला पाट हलवेपर्यंत कुणी उचलत नाही. रात्रभर ओल्या हळदीत चाकू पडून राहिला.

कामाला परत आलो त्या दिवशी त्याने तो माझ्या टेबलावर ठेवला. सांध्यातून लालसर पाणी सुकून ओघळ आले होते. उघडायला गेला तर करकरला आणि मध्येच अडला.

"गंज धरला रे," तो म्हणाला. "मनिलाला पाणी गोडं हाय काय?"

तो हसत होता, पण माझ्याकडे बघत होता. तो क्षण मला आजही जसाच्या तसा आठवतो. मागे कंप्रेसर चालू होता, कुणीतरी हार काढून कचऱ्यात टाकत होतं. तोंडातून दोन शब्द काढायचे होते. नकली आहे. बस. शिव्या दिल्या असत्या, एखादी थोबाडीत मारली असती, आणि संध्याकाळी अस्सल चाकू घेऊन गेला असता.

मी म्हटलं, "पूजेचं पाणी आत राहिलं असेल. ठेव, मी बघतो."

घरी दोन्ही चाकू टेबलावर शेजारी ठेवले. खरंच सांगतो, बदलायचं ठरवूनच ठेवले होते. अस्सल उचलून हलवला. सांध्यात खुळखुळत होता. काकांनी दिल्या दिवसापासून तो तसाच सैल होता आणि फिटर म्हणून मला ते खटकायचं. नकली उघडून बघितला. आत पिना म्हणून साधी तार ठोकलेली, भोकं वेडीवाकडी. आणि माझ्या डोक्यात चोराच्या वकिलासारखा एक विचार आला. अस्सल तरी कुठे एवढा धड आहे? मीच याला त्याच्याहून चांगला करून देतो.

बघा, माणूस स्वतःला कसा फसवतो. मला अस्सल सोडवत नव्हता, म्हणून मी कष्ट करायला तयार झालो. तीन दिवस सुट्टीत जेवलो नाही. गंज खरवडून काढला, भोकं रीमरने सरळ केली, तारेच्या जागी कडक केलेल्या पोलादी पिना घातल्या. अशा बसवल्या की मुठी धरून हलवलं तर केसभर खेळ नाही. तेल घातल्यावर लोण्यासारखा फिरायला लागला. मिस्त्रींनी बघितला, बोटाने हलवून पाहिला आणि म्हणाले, "याला म्हणतात फिटिंग." सहा वर्षांत त्यांनी मला असं कधी म्हटलं नव्हतं. मित्राने डाव्या हाताने एकदा झटकला आणि म्हणाला, "एकदम मक्खन!" मला तर वाटायला लागलं की आता चांगला चाकू त्याच्याकडे आहे आणि उणा माझ्याकडे. त्या रात्री मला शांत झोप लागली. पातं मात्र तेच होतं, कसल्या तरी भंगारातलं लोखंड, आणि ते मी माझ्या हाताने घट्ट सांध्यात बसवलं होतं.

दसऱ्यापासून दिवाळीच्या अमावस्येपर्यंत वीस दिवस. अमावस्येला खाडीला उधाण असतं. भरती जास्त चढते आणि ओहोटी जास्त जोरात धावते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी कंपनीला सुट्टी म्हणून तो म्हाताऱ्याबरोबर जाळं उचलायला गेला. आमच्याकडे आई अनारसे तळत होती. मी नवे कपडे घालून बसलो होतो आणि खिशात चाकू होता. चार वाजता त्याच्या गावचा एक माणूस सायकलवर आला आणि म्हणाला, इस्पितळात चला.

म्हातारा व्हरांड्यात भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. अंगावर चिखल तसाच. मी जवळ बसलो. तो एकेक शब्द टाकत बोलला. दोर उजव्या हाताला पडला. बोटांवर वेढा बसला आणि पाणी ओढायला लागलं. पोराने डाव्याने चाकू काढला.

"काढला रं. मी बगितला. झटकला. एक येल, दोन येल, तीन येल. अर्धा उघरला न थांबला." म्हाताऱ्याने आपले दोन्ही हात पुढे करून बघितले. "मी कोयता घेऊन गेलू. तवर बोटं गेली."

चार बोटं. अंगठा राहिला. या खेपेला म्हातारा वेळेत पोचला होता असं लोक म्हणत होते, निदान जीव वाचला म्हणत होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला आत जायचा धीर झाला नाही. मी तसाच बाहेर पडलो आणि कळव्याच्या पुलाखाली खाडीवर गेलो. ओहोटी संपली होती, काठाला गाळ उघडा पडला होता. खिशातला अस्सल चाकू काढला आणि मिटलेलाच गाळात दाबला. काळ्या, खारट, चिकट गाळात पार मनगटापर्यंत बुडवला, खालून वर ढवळला, आणि झटकला.

उघडला. गाळ चारी बाजूंना उडाला, माझ्या नव्या शर्टावर उडाला, आणि पातं बाहेर होतं. पुन्हा बुडवला, पुन्हा उघडला. दहा वेळा केलं असेल. ज्याला मी सहा महिने दोष समजत होतो ती सैल जागा गाळाला बाहेर जायला ठेवलेली होती. गंजालाही जागा लागते. मी ती जागा तीन दिवस उपाशी राहून बुजवली होती, आणि त्यावर शाबासकी घेतली होती. तिथेच गाळात उकिडवा बसून मी रडलो. पलीकडच्या काठावर फटाके वाजायला लागले होते.

महिनाभर मी त्याच्याकडे गेलो नाही. टूलरूममध्ये त्याच्या लेथवर दुसरा माणूस आला. चार बोटांशिवाय लेथ चालत नाही, हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. मिस्त्री मला म्हणाले, "जाऊन ये रे, तुझा दोस्त आहे ना." शेवटी एका रविवारी गेलो. चाकू कागदात गुंडाळून नेला. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं.

तो ओटीवर चटईवर बसला होता. उजवा हात पांढऱ्या फडक्यात, मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. आई आत काहीतरी निवडत होती. मी कागद सोडला आणि चाकू त्याच्यापुढे जमिनीवर ठेवला.

"हा तुझा," मी म्हटलं. "काकांनी आणलेला हाच. तो दुसरा मी..."

"माहीत हाय."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तो शांत होता.

"दसऱ्यानंतरच्या रविवारी कल्याणला गेलेलो, दोर आणायला," तो म्हणाला. "स्टेशनबाहेर एका ताडपत्रीवाल्याकडे असे पाच पडलेले. सगळ्यांना एकाच जागी पोचा. घरी येऊन बघितलं, माझ्यावर तिथंच कानस मारलेली."

"मग बोलला का नाहीस?"

"तू सांगशील वाटलेलं." मग म्हणाला, "आणि तू दुरुस्त केलेलास ना. मी म्हटलं, नकली तर नकली. ह्याच्या हाताखालून गेलाय. आता ओरिजिनलच्या बापाला ऐकणार नाय."

 मी चाकूचा कागद हातात चुरगाळला. 

त्याने डावा हात पुढे करून चाकू उचलला. वजन पाहिलं. मग मनगट झटकलं. मुठी फिरल्या, पातं आलं, मुठी मागे जुळल्या. डोळ्याचं पातं लवायच्या आत.  त्याने उघड्या पात्याकडे बघितलं, सांध्यातला खेळ अंगठ्याने हलवून पाहिला, आणि मला वाटतं त्याला सगळं कळलं. तोही टूलरूमचाच होता. आत आईचं निवडणं थांबलं आणि ती दारात येऊन उभी राहिली.

त्याने चाकू मिटला. मला वाटलं, खाली ठेवेल. सहा वर्षं तो ठेवत आला होता. त्याने हात लांब केला आणि चाकू थेट माझ्या हातात दिला.

मी त्याच्या आईकडे बघितलं. ती दारातून सगळं पाहत होती. ती काही बोलली नाही.